आकाशातील खाण आणि नफ्याचा हिशेब



चालकांनी आम्हांस बोलावले तेव्हा विषय आमच्यावरच सोपविला होता. कामगार चळवळीतला माणूस आहे, तो बोनसवर बोलेल, कंत्राटी पद्धतीवर बोलेल, अशी त्यांची अटकळ असावी. आम्ही विषय कळविला तो असा : "खासगी कंपन्यांना आकाशात खाणी खणून नफा होईल काय?" दुसऱ्या दिवशी चालकांपैकी एका गृहस्थांचा फोन आला. "भाऊ, विषय तुम्हीच कळवला ना? का दुसऱ्या कोणाचा चुकून आला?" आम्ही म्हणालो, "आमचाच. आणि तो बोनसचाच विषय आहे, फक्त जरा लांबून आणलेला." ते लांबून आणलेले ओझे आता आपल्यापुढे उतरवावयाचे आहे.

हा विषय आम्हांस सुचला कसा, ते आधी सांगतो. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटताना आम्ही दाराशी उभे होतो. भट्टीवर काम करणारा एक तरुण जवळ आला. त्याने मोबाइलवर एक चित्र दाखविले. आकाशात एक अजस्र गोळा फिरतो आहे, तो लोखंडाचा आणि निकेलचा आहे, त्यात सोनेही आहे, आणि त्याची किंमत वाटली तर पृथ्वीवरचा प्रत्येक माणूस अब्जाधीश होईल, असे त्याखाली लिहिले होते. त्याने दोन प्रश्न विचारले. पहिला, "भाऊ, एवढं लोखंड वरून आलं तर आपली मिल राहील का?" आणि दुसरा, जरा आवाज खाली करून, "पी. एफ. मधून काही रक्कम काढून असल्या कंपनीत टाकावी म्हणतो. टाकू का?"

पहिल्या प्रश्नाला आम्ही हसलो असतो, पण दुसऱ्याने हसू मावळले. ती रक्कम त्याच्या बहिणीच्या लग्नासाठी होती. आम्ही त्याला आठ दिवस थांबण्यास सांगितले आणि वाचायला बसलो. आमचे शाळेचे शिक्षण फार झालेले नाही. जे काही शिकलो ते वाचनालयात, रेल्वेच्या डब्यात, आणि वाटाघाटींच्या टेबलावर. म्हणून आज येथे जे सांगू ते शास्त्रज्ञाचे भाषण समजू नये. गिरणीतल्या माणसाने मांडलेला हा जमाखर्च आहे.

प्रथम त्या गोळ्याविषयी. त्याचे नाव सायकी. तो एक लघुग्रह आहे, मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात फिरतो. १८५२ साली तो सापडला. रुंदी दोनशे किलोमीटरांहून जास्त. अमेरिकेच्या नासा या सरकारी संस्थेने १३ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच्याकडे एक यान धाडले असून ते २०२९ साली पोचावयाचे आहे. त्यातल्या धातूची आजच्या बाजारभावाने किंमत केली तर एकावर एकोणीस शून्ये इतके डॉलर होतात, असा एक आकडा जगभर फिरला. माणशी वाटणी केली तर सव्वा अब्ज डॉलर. पुढे त्याच्या घनतेची मापे अधिक नेमकी झाली तेव्हा तो निव्वळ धातूचा नसून दगड आणि धातू यांचे मिश्रण असावा, असे शास्त्रज्ञ म्हणू लागले. पण ते सोडून देऊ. तो सगळाच्या सगळा धातूचा आहे असे मानून चालू. तरी नफा होतो काय?

येथे आम्हांस आमचीच एक फजिती सांगितली पाहिजे. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका कारखान्यात, त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, बोनसची बोलणी चालू होती. आवारात भंगाराचा ढीग पत्र्यांच्याही वर गेलेला. आम्ही दारसभेत छातीठोकपणे सांगितले, "हा ढीग पाहा. मालक नाही म्हणतो, पण लक्ष्मी आवारात पडली आहे." टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी टेबलावर हिशेबनीसाने कागद पुढे सरकविला. ढीग बँकेकडे तारण होता. तो आणण्याचे भाडे अजून द्यावयाचे होते. वितळविण्याच्या विजेचे बिल थकले होते, आणि तयार सळईला त्या तिमाहीत उठाव नव्हता. आम्ही बाहेर आलो ते कायद्याचे किमान ८.३३ टक्के घेऊन, आणि वर तोंड लपवीत. त्या दिवसापासून ताळेबंद वाचायला शिकलो. ढीग म्हणजे नफा नव्हे, हा धडा आम्हांस कोणत्याही पुस्तकाने दिला नव्हता.

जालना जिल्ह्यात लोखंडाची खाण नाही. तरीही जालन्याची सळई महाराष्ट्रभर जाते. भंगार आणि स्पंज आयर्न बाहेरून येते, विजेच्या भट्टीत वितळते, आणि रोलिंग मिलमध्ये सळई होते. म्हणजे हा धंदा खाणीवर उभा नाही, तो भाड्यावर, विजेवर आणि गिऱ्हाइकावर उभा आहे. म्हणून कोणताही मालक नवा माल घेताना चार प्रश्न विचारतो. माल खरोखर आहे काय? काढायला काय पडते? आणायला काय पडते? आणि घेणारा कोण? आपणही हेच चार प्रश्न आकाशाला विचारू.

पहिला प्रश्न, माल आहे काय? येथे आपणांस फार लांब जाण्याची गरज नाही. वाटूर फाट्यावरून मंठा आणि मंठ्याहून लोणार. सकाळी निघालेला माणूस तळे पाहून, दैत्यसूदनाचे देऊळ पाहून संध्याकाळी घरी येतो. सुमारे एक किलोमीटर आणि आठशे मीटर रुंदीचे ते विवर उल्केच्या आघाताने झाले. तो आघात सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वीचा, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मापनावरून दिसते. त्याआधी पन्नास हजार वर्षांचा अंदाज सांगत असत. म्हणजे आकाशातला माल आपल्या शेजारच्या तालुक्यात फुकट येऊन पडलेला आहे. आणण्याचे भाडेसुद्धा नाही!

शाळेत असताना आमची सहल लोणारला गेली होती. तारा पडला आहे म्हणजे लोखंड असणार, असे कोणीतरी सांगितले होते. आम्ही वर्गातले लोहचुंबक खिशात घालून नेले. काठावरच्या मातीत ते फिरविले तो काय, काळी रेती भराभर चिकटली. आम्ही ती कागदात बांधून घरी आणली आणि कितीतरी दिवस ताऱ्याचे लोखंड म्हणून जपली. पुढे मोठेपणी वाचनात आले की, आपल्या दख्खनच्या काळ्या खडकातच लोहचुंबकी कण असतात. तसली रेती आमच्या घरामागच्या ओढ्यातही होती. तारा आमच्या कागदात आलाच नव्हता.

आणि तो येणारही नव्हता. इतक्या वेगाने आदळणारा गोळा जमिनीत रुतून बसत नाही. त्याची बहुतेक वाफ होते किंवा तो वितळून चहूकडे उडून जातो. लोणारचे विवर ज्वालामुखीचे, असेच पुष्कळ काळ मानले जात होते. १९७३ साली भारतीय आणि अमेरिकी भूशास्त्रज्ञांनी तळात भोके घेऊन काढलेल्या दगडांत प्रचंड दाबाने बनलेली काच दाखविली आणि वाद संपत आला. काच सापडली. लोखंडाचा गोळा सापडला नाही.

मग लोणारने कोणास काही दिले नाही काय? दिले. मिठाने दिले. तळ्याला बाहेर वाट नाही, पाणी आटते आणि क्षार उरतात. पापडी, दल्ला अशा नावांनी ते क्षार काढले जात आणि विकले जात. काच आणि साबण यांच्या कामी येणाऱ्या येथल्या क्षारांची नोंद अकबराच्या काळच्या आईन-इ-अकबरीत आहे. म्हणजे उत्पन्न झाले ते ताऱ्यापासून नव्हे, खड्ड्यापासून. आजमितीस ते तळे रामसर यादीत आहे, २०२० साली त्याचा समावेश झाला, आणि तेथे माणसे येतात ती पाहण्यासाठी.

हीच गोष्ट अमेरिकेत एका माणसाने स्वतःच्या पैशाने करून पाहिली. आकाशातून आलेला धातू खणून नफा मिळविण्यासाठी काढलेली खासगी कंपनी पाहावयाची असेल तर ती सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे. आरिझोना प्रांतात लोणारसारखेच, थोडे लहान, एक विवर आहे. डॅनिअल बॅरिंजर नावाचे खाणतज्ज्ञ होते. खाणीतून त्यांनी आधीच संपत्ती मिळविली होती. विवराभोवती लोखंडाचे तुकडे विखुरलेले होते, ते पाहून त्यांनी अनुमान केले की तळाशी कोट्यवधी टनांचा गोळा असला पाहिजे. १९०३ साली त्यांनी स्टँडर्ड आयर्न कंपनी काढली. विहिरी खोदल्या, भोके घेतली, भांडवल संपले, नवी कंपनी काढली, पुन्हा खोदले. सव्वीस वर्षांत सुमारे सहा लाख डॉलर त्या खड्ड्यात गेले. १९२९ साली मोल्टन नावाच्या ज्योतिर्विदाने गणित करून दाखविले की मुळात तो गोळा कल्पनेपेक्षा फारच लहान होता आणि त्यातलाही बहुतेक भाग आदळताच नाहीसा झाला असणार. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बॅरिंजर हृदयविकाराने वारले.

या माणसाला आम्ही हसत नाही. विवर उल्केचे आहे हे त्यांचे म्हणणे त्या काळी मोठमोठ्या पंडितांनी नाकारले होते आणि शेवटी तेच खरे ठरले. शास्त्र बरोबर होते, धंदा चुकला. विवर आजही त्यांच्या वंशजांच्या मालकीचे आहे आणि त्याचे उत्पन्न येते ते पाहुण्यांच्या तिकिटांतून. जे लोणारला झाले तेच तेथे झाले.

उलट बाजूचे एक उदाहरण सांगितले पाहिजे, नाहीतर आमच्यावर एकतर्फी बोलल्याचा आरोप येईल. कॅनडात सडबरी येथे १८८३ साली लोहमार्ग टाकताना निकेल आणि तांब्याचा मोठा साठा उघडा पडला. तो प्राचीन उल्कापाताच्या जागी आहे आणि तेथे आजवर खाणी चालत आल्या आहेत. परंतु तो धातू पृथ्वीचाच होता. आघाताच्या उष्णतेने तो वितळून एके ठिकाणी साचला, इतकेच. फायदा झाला, पण पृथ्वीच्या पोटातल्या मालाने.

आता दुसरा आणि तिसरा प्रश्न एकत्र घेऊ : काढायला आणि आणायला काय पडते? आकाशातून वस्तू आणता येते, यात शंका नाही. अपोलोच्या सहा मोहिमांनी चंद्रावरून ३८२ किलो दगडमाती आणली. जपानच्या हायाबुसा-२ यानाने २०२० साली रयुगू या लघुग्रहावरची ५.४ ग्रॅम माती आणली. नासाच्या यानाने २०२३ च्या सप्टेंबरात बेन्नू लघुग्रहावरची १२१.६ ग्रॅम आणली. चीनने २०२४ साली चंद्राच्या पलीकडच्या अंगावरून जवळजवळ दोन किलो माती आणली. या सर्व मोहिमा सरकारांनी केल्या, आणि ज्ञानासाठी केल्या. बेन्नूच्या मोहिमेस एक अब्ज डॉलरांहून अधिक खर्च आला. भागाकार केला तर ग्रॅमला ऐंशी लाख डॉलरांपेक्षा जास्त पडले. ज्ञानाला ही किंमत फार नाही. पण सळईच्या हिशेबात ती बसत नाही आणि सोन्याच्याही बसत नाही.

कोणी म्हणेल, पहिली वस्तू नेहमीच महाग असते, हळूहळू स्वस्त होईल. बरोबर आहे. अमेरिकेच्या जुन्या अंतराळ-शटलने एक किलो वजन पृथ्वीभोवतीच्या कक्षेत न्यायला पन्नास हजार डॉलर लागत. आज फाल्कन अग्निबाणाच्या जाहीर दराने तेच सुमारे तीन हजार डॉलरांत होते. पण तीन हजार डॉलर म्हणजे अडीच लाख रुपयांच्या वर. आणि हे फक्त घराच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्याचे भाडे. चंद्रावर एक किलो सामान उतरवून देण्याचा एका अमेरिकी कंपनीचा जाहीर दर बारा लाख डॉलर होता. सळई किलोने विकणाऱ्या आपल्या जालन्याच्या मालकाला हा दर सांगा, तो तुम्हांला चहा पाजून परत पाठवील.

वेळेचाही हिशेब आहे. बेन्नूचे यान २०१६ साली निघाले आणि माती आली २०२३ साली. सात वर्षे. शेकडा बारा व्याजाने मुद्दल सहा वर्षांत दुप्पट होते, हे येथल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावयास नको. माल हाती येण्याआधीच भांडवल दुप्पट फेडण्याजोगे झालेले असते.

आणि समजा, एवढे सर्व जमले आणि एखाद्या कंपनीने प्लॅटिनमचा डोंगर खाली आणला. जगात वर्षाला प्लॅटिनम निघते ते दोनशे टनांच्या आत. बाजारात एकदम हजार टन ओतले तर भाव टिकेल काय? कांद्याचे काय होते ते आपण पाहतो. आवक वाढली की लिलावात भाव कोसळतो आणि वाहतूकखर्चही निघत नाही. म्हणजे थोडे आणले तर खर्च निघत नाही, आणि पुष्कळ आणले तर भाव राहत नाही. एकावर एकोणीस शून्यांचा तो आकडा येथेच फुटतो. तो आजचा भाव उद्याच्या ढिगाला लावतो.

भाव कोसळला तर कंपनी दुसरा धंदा करील. त्याचे खरे ओझे कोणाच्या डोक्यावर पडेल? जगातले बहुतांश प्लॅटिनम दक्षिण आफ्रिकेच्या खोल खाणींतून येते. तेथे मारिकाना येथे १६ ऑगस्ट २०१२ रोजी पगारवाढीसाठी संपावर असलेल्या ३४ खाणकामगारांना पोलिसांच्या गोळ्यांनी मरण आले. ज्यांना भाव चढा असताना वाढ मिळण्यासाठी प्राण द्यावे लागले, त्यांना भाव पडल्यावर काय मिळेल, याचा विचार त्या एकोणीस शून्यांत कोठेही नाही.

आता चौथा प्रश्न, घेणारा कोण? येथे या धंद्याचे हुशार लोक वेगळे उत्तर देतात आणि ते ऐकण्यासारखे आहे. ते म्हणतात, माल खाली आणूच नका. वरच विका. चंद्रावर पाणी आहे. पाण्याचे विघटन केले की हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळतात, आणि तेच अग्निबाणाचे इंधन. पृथ्वीवरून नेलेले पाणी वर सोन्याच्या भावाचे पडते, मग चंद्रावरचेच वापरा.

हे पाणी दाखविण्यात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे. २२ ऑक्टोबर २००८ रोजी निघालेल्या चांद्रयान-१ वरच्या उपकरणांनी चंद्राच्या मातीतील पाण्याचा पुरावा दिला आणि २००९ साली तो जगापुढे आला. त्याच वर्षी नासाने चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या एका अंधाऱ्या विवरात अग्निबाणाचा भाग आदळवून उडालेल्या धुळीत पाणी मोजले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ दक्षिण ध्रुवाच्या परिसरात उतरले तेव्हा वाटूरच्या शाळेतल्या मुलांनीही टाळ्या वाजविल्या असतील.

पाण्याचा हा धंदा मराठवाड्याला समजावून सांगावा लागत नाही. तो टँकरचा धंदा आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना शहर टँकरवर जगले. विहिरीत पाण्याला किंमत नसते, वस्तीवर पोचलेल्या टँकरला असते. किंमत पाण्याची नसून अंतराची असते. आकाशातल्या पाण्याचेही तसेच. परंतु त्यात एक गोम आहे. रस्ता सुधारला आणि टँकरचे भाडे उतरले, की लांबचे पाणीही स्वस्त होते, आणि मधल्या विहिरीचा मालक बसून राहतो. अग्निबाण स्वस्त झाले म्हणजे चंद्रावर खाण काढणे सोपे होईल हे खरे, पण पृथ्वीवरून इंधन नेणेही तितकेच सोपे होईल. ज्या स्वस्ताईने खाण शक्य व्हायची, तीच स्वस्ताई खाणीचे गिऱ्हाईक पळविते.

आणि दुष्काळात टँकरचे बिल शेवटी कोण भरीत होते? सरकारी तिजोरी. आकाशातही गिऱ्हाईक तेच आहे. चंद्रावर इंधन लागेल ते कोणाला? सरकारी मोहिमांना. २०२० साली नासाने चंद्रावरची माती विकत घेण्याचे करार चार कंपन्यांशी केले. सगळ्यांची मिळून रक्कम २५,००१ डॉलर. हा वरचा एक डॉलर एका कंपनीच्या पूर्ण कराराचा! माती पृथ्वीवर आणावयाची नव्हती, तेथेच गोळा करून हवाली करावयाची होती. उद्देश मातीचा नव्हता. चंद्रावरची वस्तू खासगी कंपनी विकू शकते आणि सरकार विकत घेऊ शकते, हा पायंडा पाडावयाचा होता. पुढे त्यांतल्या एका कंपनीचे दिवाळे निघाले, आणि एका जपानी कंपनीची याने २०२३ आणि २०२५ साली चंद्रावर उतरताना आपटली.

लघुग्रहांच्या कंपन्यांची कथाही याहून वेगळी नाही. प्लॅनेटरी रिसोर्सेस या कंपनीने २०१२ साली मोठ्या गाजावाजाने घोषणा केली. जगातले अतिश्रीमंत लोक तिच्या पाठीशी होते. लक्झेंबर्ग या चिमुकल्या देशाच्या सरकारने तिचे भाग घेतले. २०१८ साली पैसा संपून ती दुसऱ्याच धंद्यातील कंपनीने घेतली आणि लक्झेंबर्गच्या जनतेचे १ कोटी २० लाख युरो बुडाले. तिच्या बरोबरीची डीप स्पेस इंडस्ट्रीज २०१९ च्या आरंभी विकली गेली. त्यानंतर अ‍ॅस्ट्रोफोर्ज नावाची कंपनी पुढे आली. तिचे यान २०२५ च्या फेब्रुवारीत निघाले आणि थोड्याच वेळात त्याच्याशी संपर्क तुटला. आजपर्यंत कोणत्याही खासगी कंपनीने आकाशातून एक ग्रॅमही खनिज आणलेले नाही.

तेव्हा आमच्या प्रश्नाचे उत्तर असे. खाली आणून विकण्याच्या खाणीत नफा नाही, आणि आजच्या माणसांच्या हयातीत तो होईलसे दिसत नाही. वर विकण्याच्या खाणीत कदाचित होईल. पण तो बाजारातून येणार नाही, सरकारी तिजोरीतून येईल. शोध जनतेच्या पैशाचा, अग्निबाणाची विद्या जनतेच्या पैशाने वाढलेली, गिऱ्हाईकही जनताच, आणि मधला नफा तेवढा खासगी.

आता आपण म्हणाल, होईल तेव्हा होईल, वाटूरला त्याचे काय? याचसाठी आम्ही येथवर आलो आहोत. आपण घराच्या पायात घालायला चार ब्रास मुरूम आणला, किंवा दुधनेची वाळू आणली, तर तहसिलात स्वामित्वधन भरावे लागते. पावती नसेल तर ट्रॅक्टर अडवून दंड करतात. जमिनीच्या पोटातली वस्तू ही एकट्याची नाही, सर्वांची आहे, म्हणून तो नियम आहे. मग चंद्रावरच्या मुरमाचे स्वामित्वधन कोण भरणार आणि कोणाकडे?

१९६७ च्या आंतरराष्ट्रीय तहाने ठरविले की चंद्र किंवा इतर ग्रहगोल यांवर कोणत्याही राष्ट्राला मालकी सांगता येणार नाही. १९७९ च्या चंद्रकराराने याहून पुढे जाऊन तेथील संपत्ती मानवजातीचा समाईक वारसा म्हटली. त्यावर भारताने १९८२ साली सही केली, पण तो करार कायम केला नाही. अग्निबाण उडविणाऱ्या बड्या राष्ट्रांनी त्याला हातच लावला नाही. मग २०१५ साली अमेरिकेने कायदा केला की, चंद्र कोणाचा नसला तरी त्यातून काढलेला माल काढणाऱ्याचा. लक्झेंबर्गने २०१७ साली, संयुक्त अरब अमिरातीने २०१९ साली, जपानने २०२१ साली तसेच केले. आणि आपल्या भारताच्या २०२३ च्या अंतराळ धोरणातही खासगी संस्थांना लघुग्रहांवरचे व अंतराळातले खनिज काढण्याची, बाळगण्याची आणि विकण्याची मुभा लिहिलेली आहे, कायदे आणि आंतरराष्ट्रीय बंधने पाळून. मुभा लिहिली आहे. वाटा लिहिलेला नाही. धोरण आधी आले आणि कायदा मागे राहिला.

खनिजाच्या बाबतीत आपल्या भूमीचा अनुभव आहे. कोळसा खासगी मालकांच्या हाती होता. त्यांनी वरचा सोपा कोळसा ओरबाडला, सुरक्षिततेवर खर्च केला नाही, आणि शेवटी १९७१ ते १९७३ या काळात खाणी राष्ट्राला ताब्यात घ्याव्या लागल्या. नागपूर-भंडाऱ्याचे मँगनीज एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रजी कंपनीने काढले. त्यात सरकारची भागीदारी आली ती १९६२ साली. गोव्यात पोर्तुगीज काळच्या खाणसवलती पुढे चालू राहिल्या आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाला खाणकाम थांबवावे लागले. त्या बंदीत हजारो ट्रकवाले आणि बार्जवरची माणसे एका रात्रीत बेकार झाली, ज्यांनी नियम मोडण्याचा निर्णय कधी घेतलेला नव्हता. आणि खाणीमुळे ज्या गावांचे नुकसान होते त्यांच्यासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी कायद्यात आला तो २०१५ साली. पहिल्या टोपलीपासून या तरतुदीपर्यंत शतकाहून अधिक काळ गेला. नियम नफ्याच्या मागून आला की तो दमलेला येतो.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, या वेळी तरी नियम आधी यावा. आकाशातल्या धंद्यात आज नफा नाही, हीच त्याची योग्य वेळ आहे. नफा दिसू लागला की वाटा मागणाऱ्याला विकासाचा शत्रू म्हणतात. आज मागितला तर कोणाचे काही जात नाही. संसदेने कायदा करावा. जनतेच्या खर्चाने सापडलेल्या साठ्यावर कंपनी जाईल तर तिने जनतेला वाटा द्यावा. सरकार भांडवल घालील तर तोट्याबरोबर नफ्यातही त्याचा भाग असावा. आणि अग्निबाणाचे सुटे भाग घडविणाऱ्या, तळावर राबणाऱ्या कंत्राटी माणसाला त्या कायद्यात नाव असावे. आकाशात यंत्रे खणतील, पण ती यंत्रे जमिनीवर माणसेच बनवितात.

आमच्या बोलण्याचा कोणी असा अर्थ करू नये की चंद्रावर जाऊ नये. जावे, जरूर जावे. चांद्रयान-३ ला सुमारे ६१५ कोटी रुपये लागले आणि त्यातला पैसा न् पैसा सत्कारणी लागला, असे आम्ही समजतो. ज्ञान मिळविण्यासाठी खर्च करणे वेगळे, आणि ज्ञानाच्या नावावर सट्टा लावणे वेगळे.

त्या भट्टीवरच्या तरुणाला आठ दिवसांनी आम्ही भेटलो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले, "वरून लोखंड येऊन तुझी मिल बंद पडणार नाही. पडली तर विजेच्या दराने, मंदीने, नाहीतर मालकाच्या कर्जाने पडेल. तिकडे लक्ष ठेव आणि युनियनच्या सभेला येत जा." दुसऱ्याचे उत्तर लांबलचक द्यावे लागले, साधारण आज आपल्याला दिले तितके. तो सगळे ऐकून घेऊन म्हणाला, "म्हणजे भाऊ, त्या कंपनीला लोखंड सापडो न सापडो, माझे पैसे मात्र तिला आधी सापडणार." आम्ही पुष्कळ पुस्तके चाळून जे म्हणत होतो ते त्याने एका वाक्यात सांगितले. रक्कम त्याने काढली नाही. बहिणीचे लग्न वैशाखात आहे. आम्हांस आमंत्रण आहे.

 उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना लोणार दाखवायला न्यावे, एवढी विनंती. खिशात लोहचुंबक न्यायला हरकत नाही. रेती चिकटेल. ती कोठली, हे मात्र त्यांना नीट सांगावे.